मोठा बूस्टर आणि ठिबकची नळी

मे महिन्याच्या शेवटी दिंडोरी तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार आपली जीप घेऊन नाशिकच्या अंबडला आमच्या गॅरेजच्या शेडवर आले. गाडी १९९२ ची महिंद्रा एमएम ५४०. मागच्या बाकावर पुठ्ठ्याच्या खोक्यात ९ इंची नवाकोरा बूस्टर, म्हणजे ब्रेक दाबताना पायाला मदत करणारा डबा, आणि त्याच्या जोडीला १ इंच बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग. दोन्ही मुंबई नाक्यावरच्या दुकानातून घेतलेले, पावतीसकट.

"भाऊ, एवढं बसवून द्या. बाकी गाडी ठणठणीत आहे," आबा म्हणाले. वय साठीच्या आसपास, म्हणून आमच्याकडे सगळे त्यांना आबाच म्हणतात.

गाडी ठणठणीत आहे असं मालक म्हणाला की आमचे चाचा आधी बॉनेट उघडतात. चाळीस वर्षं जीपांत हात घातलेला माणूस. सातपूरला महिंद्राचा कारखाना असल्याने नाशकात जीपच्या सामानाला आणि जीपच्या जाणकारांना तोटा नाही, पण चाचांसारखे जाणकार आता कमीच उरलेत.

तक्रार अशी होती. आबा घरच्यांना घेऊन सप्तशृंग गडावर गेले होते. परत नांदुरीकडे उतरताना पहिली दोन-तीन वळणं ब्रेक बरे लागले. नंतर पेडल दगड झालं. दोन्ही पाय लावून, सीटला पाठ रेटून गाडी कशीबशी आवरली. खाली सपाटीवर आल्यावर पाच मिनिटं थांबले, तर ब्रेक पुन्हा ठीक! त्यांनी गावातल्या पोरांना विचारलं, पोरांनी मोबाइलमध्ये बघून सांगितलं की बूस्टर छोटा आहे, मोठा टाका. जुन्या जीपला मोठा बूस्टर हे सध्या फॅडच झालंय. पावसाळ्यात हरसूल, त्र्यंबकच्या बाजूला चिखलात गाड्या घालणारी जी मंडळी आहेत, त्यांच्यात तर पहिला प्रश्न टायरचा आणि दुसरा बूस्टरचा.

या तक्रारीत एक धागा होता आणि तो आम्ही त्याच दिवशी पकडायला हवा होता: पेडल दगड झालं, मऊ नाही. घाटात लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारं अस्तर, तापून ब्रेक मरतात तेव्हा पेडल जातं तिथेच जातं, पाय नेहमीसारखाच दाबला जातो, फक्त गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो. ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल स्पंजासारखं होऊन खाली बसतं. पेडल दगड होणं म्हणजे पायाला मिळणारी मदत बंद झाली. म्हणजे दोष बूस्टरच्या बाजूचा हे आबांचं म्हणणं निम्मं खरं होतं.

आधी गाडीची ओळख. या गाडीत मुळात २११२ सीसीचं प्यूजो घराण्याचं डिझेल इंजिन यायचं. ते केव्हाच गेलेलं, आता २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल बसलेलं. आधीच्या कुणा मालकाने टांगतं पेडल करून फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर, ७ इंची बूस्टर लावलेला, पुढे २२.२ मिलिमीटर बोअरचा एकेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर. चारही चाकांना ड्रम. जुन्या विलीजच्या घरातल्या जीपांत पेडल जमिनीतून वर यायचं आणि मास्टर सिलिंडर पायाखाली, चासीला लागून असायचा. तिथून इथपर्यंत या गाडीचे किती हातांनी किती प्रयोग केले, ते तिच्या फायरवॉलवरची भोकं मोजून कळत होतं. मी अकरा मोजली.

बूस्टरचं काम समजायला फार विज्ञान लागत नाही. पत्र्याच्या डब्यात मधे रबरी पडदा. दोन्ही बाजूंची हवा शोषून घेतलेली. पेडल दाबलं की पायाकडच्या बाजूला बाहेरची हवा आत शिरते, पुढच्या बाजूला पोकळी तशीच राहते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पडद्याला पुढे रेटतो. पेट्रोल इंजिनात ही पोकळी इनटेक मॅनिफोल्डमधून फुकट मिळते, कारण तिथे हवेची वाट अडवणारं थ्रॉटल असतं. डिझेलमध्ये ते नसतं, त्यामुळे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत, आणि याही गाडीत, तो अल्टरनेटरच्या मागच्या टोकाला असतो. इंजिनाचं ऑइल बारीक पाइपाने त्याच्यात येतं आणि जाड नळीने परत इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये जातं. अल्टरनेटर फिरवतो बेल्ट. म्हणजे आबांचा पाय आणि ब्रेक यांच्यामध्ये एक फॅन बेल्ट उभा होता. हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी बेल्टाकडे पहिल्यांदा जरा आदराने पाहिलं.

तपासणी चाचांनी बिनयंत्राची केली. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारलं, आतली साठवलेली पोकळी संपवली, पाय दाबून धरला आणि स्टार्टर मारला. चांगला बूस्टर असेल तर पेडल पायाखाली अंगठाभर खाली सरकतं. इथे सरकलं, पण आळसावल्यासारखं. मग चालू इंजिनावर पेडल दाबून धरलं आणि इंजिन बंद केलं. अर्धा मिनिट पेडल जागचं हलायला नको. इथे दहा सेकंदांत ते पाय वर ढकलू लागलं, म्हणजे बूस्टर आत कुठेतरी हवा खातोय. ही परीक्षा कुणालाही घराच्या दारात करता येते, फक्त चाकांना दगड लावून करावी.

मग मी नळीत टी टाकून व्हॅक्यूम गेज लावला. थंड इंजिन, आयडलिंगला ४८० मिलिमीटर (पाऱ्याचे). वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं, तर काटा ३५० वर येऊन बसला. इथे नाशिककरांनी एक लक्षात ठेवायचं. पुस्तकात ७६० मिलिमीटर हा आकडा असतो तो समुद्रकाठचा. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर, इथे हवेचाच दाब ७१० च्या आसपास. त्यामुळे कितीही उत्तम पंप असला तरी गेज ७१० च्या पुढे जाणार नाही, ६३०-६५० मिळाले तर पंप निरोगी. लडाखला जीप नेणाऱ्यांना हाच हिशोब आणखी कडू लागतो. लेहला हवेचा दाब इथल्यापेक्षा जवळपास तीस टक्के कमी, म्हणजे बूस्टरची मदतही तेवढीच कमी.

गरम झाल्यावर काटा पडतो म्हणजे दोनच संशयित. ऑइल पातळ झाल्यावर झिजलेल्या पात्यांचा पंप दमतोय, किंवा नळी. चाचांनी नळीवर हात ठेवला आणि हसायला लागले. पंपापासून बूस्टरपर्यंतची नळी काळीभोर, गुळगुळीत, आणि एक्झॉस्टजवळच्या वळणावर चक्क चपटी.

"आबा, ही कुठली?"

"बागेतली. मागल्या साली जुनी तडकली, मी रानात होतो. ठिबकची सोळा एमएमची लॅटरल होती हाताशी, क्लिप लावून टाकली. वर्षभर चालली की!"

चाललीही असेल. पण ठिबकची नळी आतून बाहेर दाब सोसायला केलेली असते. बाहेरून आत चेपलं जाणं तिच्या हिशोबात नाही, आणि इंजिनच्या उष्णतेत तर ती मेणासारखी होते. व्हॅक्यूमच्या नळीत रबराच्या थरांमध्ये धाग्याचं विणकाम असतं ते याचसाठी. घाटात इंजिन तापलं की नळी चेपायची, बूस्टर उपाशी राहायचा. खाली येऊन थांबलं की नळी निवायची, थोडी फुगायची, ब्रेक परत. पाच मिनिटांच्या चमत्काराचं एवढंच रहस्य.

एवढंच नव्हतं, खरं तर. मी सहज विचारलं, उतरताना गियर कोणता होता? आबांनी थोडं इकडेतिकडे बघितलं. मग कबूल केलं की उतारावर ते न्यूट्रल टाकतात, डिझेल वाचतं. ही सवय आपल्याकडे ट्रकवाल्यांपासून सगळ्यांना आहे. दुसऱ्या गियरात उतरलं असतं तर इंजिनाने गाडी धरली असती, वर इंजिनाचे फेरे जास्त म्हणजे पंपाचेही जास्त. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलिंगला, पंप सर्वांत मंद, आणि ब्रेकचा वापर सर्वांत जास्त. दर वळणाला बूस्टर जेवढी पोकळी खर्च करत होता तेवढी भरून यायला वेळच मिळत नव्हता.

त्या संध्याकाळी शेडच्या फळ्यावर मी आबांना जो हिशोब मांडून दाखवला, तो इथे देतो, कारण या सगळ्या प्रकरणाचं मर्म त्यात आहे.

७ इंची पडद्याचं क्षेत्रफळ साधारण २४८ चौरस सेंटिमीटर, ९ इंचीचं ४१०. मधला दांडा, स्प्रिंग वगैरेंची वजावट सोडून देऊ. ३५० मिलिमीटर व्हॅक्यूम म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.४८ किलो. छोट्या बूस्टरला त्यावर मिळणारी जास्तीत जास्त मदत ११८ किलो. आता आबांचा मोठा बूस्टर याच चेपलेल्या नळीवर लावला असता तर १९५ किलो. आणि जुनाच छोटा बूस्टर ६४० मिलिमीटरवर चालवला तर? २१५ किलो.

आबा फळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे हे खोकं मी उगाच आणलं?"

उगाच नाही, पण क्रम चुकला होता.

म्हणून पहिल्या दिवशी खोकं बंदच ठेवलं. विणलेली व्हॅक्यूमची नळी आणली, तिला दीडशे रुपये पडले. हवेला एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नवा टाकला. पंप उघडला तर पात्यांच्या कडा घासून गोल झालेल्या, पंपाच्या घराला आतून रेघा. तो बदलला. ऑइलच्या बारीक पाइपात गाळ होता, तोही साफ केला, नाहीतर नवा पंप महिनाभरात कोरडा फिरून मेला असता. गेज आता गरम इंजिनावर ६४० दाखवू लागला. आबांनी एमआयडीसीच्या रस्त्यावर एक फेरी मारली आणि उतरून म्हणाले, "झालं की काम!"

झालं नव्हतं. पायाने दाबून धरायच्या परीक्षेत बूस्टर अजून हवा खातच होता. मास्टर सिलिंडर सोडवून पुढे ओढला तर बूस्टरच्या तोंडातून तपकिरी ब्रेक ऑइल ओघळलं. आबा दर महिन्याला मास्टरवरच्या बाटलीत थोडं ब्रेक ऑइल टाकत होते आणि गाडीखाली कधी थेंब दिसला नव्हता, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. ऑइल मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून बूस्टरच्या पोटात जात होतं आणि पडदा आतून खराब करत होतं. बाटली उतरते पण गळती दिसत नाही, तर आधी तिथे बघायचं. त्या जुन्या ७ इंचीचं दुरुस्तीचं किट नाशकातल्या द्वारकेला आणि मुंबई नाक्याला शोधून मिळालं नाही. शिवाय एकेरी सर्किट. एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. दगडगोट्यांतून फिरणाऱ्या गाडीला हे मला बूस्टरच्या मापापेक्षा जास्त खुपत होतं. तेव्हा मोठा बूस्टर आणि दुहेरी सर्किटचा मास्टर बसवायचं ठरलं. आबांचं खोकं अखेर उघडलं.

मात्र खोक्यातलं सगळंच आम्ही घेतलं नाही.

बूस्टर लावणारे लोक बूस्टर बंद पडल्यावर काय होईल याचा हिशोब करत नाहीत. जुन्या गाडीत पेडलचं गुणोत्तर होतं ६: पायाने २५ किलो दाबलं की दांड्यावर १५० किलो. २२.२ मिलिमीटर बोअरचं क्षेत्रफळ ३.८७ चौरस सेंटिमीटर. म्हणजे बूस्टर पूर्ण मेला तरी लाइनमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ३९ किलो दाब. दुकानदाराने सुचवलेली रचना होती बूस्टरसाठी नेहमीचं ४ गुणोत्तर आणि १ इंच बोअर, क्षेत्रफळ ५.०७. बूस्टर चालू असताना झकास. बेल्ट तुटला तर त्याच २५ किलोला दाब फक्त २०. म्हणजे सुधारणा केल्यावर, मदत नसतानाचा ब्रेक निम्म्यावर येणार. ज्या गाडीचा पंप एका बेल्टवर टांगलाय तिला हे परवडत नाही.

मग पेडलवर नवं भोक पाडून गुणोत्तर ४.६ केलं आणि दुकानातून मास्टर बदलून १५/१६ इंचाचा, म्हणजे २३.८ मिलिमीटरचा आणला. दुकानदाराने कुरकुर करत का होईना बदलून दिला. आता बिनमदतीचा दाब २६ येतो. ३९ पेक्षा कमीच, पण संकटात माणूस २५ किलोवर थांबत नाही, साठ किलोही दाबतो, तेव्हा ६२ मिळतात. पेडलचा प्रवास जुन्यापेक्षा साधारण एक तृतीयांश कमी झाला तो वेगळा फायदा. तीन आकड्यांची ही ओढाताण आहे. बोअर वाढवला तर पेडल आखूड पण दाब कमी, गुणोत्तर वाढवलं तर दाब जास्त पण पेडल लांब, आणि बूस्टर या दोन्हींवर पांघरूण घालतो, जोपर्यंत त्याला पोकळी मिळतेय तोपर्यंत.

बसवण्याच्या कामात सांगण्यासारखं फार नाही. फायरवॉलचा पत्रा पातळ, त्यात आमची अकरा भोकं. मोठ्या बूस्टरच्या जोराने पत्रा लचकतो आणि तो लचका पायाला मऊ पेडल म्हणून कळतो, म्हणून दोन्ही बाजूंनी ४ मिलिमीटरची प्लेट देऊन मधे पत्रा चेपला. ९ इंची डबा क्लचच्या दांड्याला अडत होता, ब्रॅकेट २० मिलिमीटर बाजूला घेतला. पाइप सगळे नवे, टोकं दुहेरी फ्लेअरची. लाइनमध्ये डॉट ४ ऑइल, ज्याचा कोरडा उत्कलनबिंदू किमान २३० अंश. डॉट ३ चा २०५. घाटात राहणाऱ्याने हा फरक पैशात मोजू नये. एअर काढायला अर्धा दिवस गेला, कारण मागच्या एका व्हील सिलिंडरचा निपल गंजून तुटला.

नंतर जे घडलं त्यात चूक सरळसरळ माझी.

बूस्टरच्या तोंडातून येणारा छोटा दांडा मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलतो. पेडल सोडलेलं असताना या दोघांत अगदी बारीक फट लागते. फट जास्त असेल तर पेडल सुरुवातीला पोकळ लागतं. फट मुळीच नसेल आणि दांडा पिस्टनला किंचित जरी ढकलून ठेवत असेल, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, आणि बाटलीकडे ऑइल परत जायचं जे बारीक छिद्र असतं ते झाकलेलंच राहतं. लाइनमधलं ऑइल तापून फुगतं, त्याला जायला जागा नाही, म्हणून ते शूंना, म्हणजे लायनर बसवलेल्या कमानींना, बाहेर रेटतं. शू घासतात, अजून तापतात, अजून फुगतं. गाडी स्वतःच स्वतःचा ब्रेक दाबत जाते.

मी दांड्याच्या टोकावर पोरांच्या खेळण्यातल्या चिकणमातीची गोळी लावून, मास्टर बसवून काढला, चेपलेली गोळी मोजली. ०.३ मिलिमीटर. अगदी नीट, असं वाटलं. मास्टर आवळला आणि आबांना शेजारी बसवून त्र्यंबक रस्त्याला लागलो.

सातपूर सोडेपर्यंत मजेत. महिरावणीच्या पुढे लक्षात आलं की पेडल वरवर येतंय, पाय ठेवला की लगेच लागतंय. आबा म्हणाले, "आता कसा झटकन लागतो!" मला ते आवडलं नाही. अंजनेरीचा डोंगर समोर दिसायला लागला तेव्हा तिसऱ्या गियरात गाडी ओढेना. कडेला घेतली. चारही ड्रमजवळ हात नेववत नव्हता. गाडी ढकलली तर हलायला तयार नाही.

चाचांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "पाना आहे ना? मास्टरचे दोन नट तीन-तीन आटे ढिले कर. पाइप खोलू नको." केलं. मास्टर बूस्टरपासून मिलिमीटरभर पुढे सरकला आणि बाटलीत बुडबुडा आला. गाडी लगेच सैल. नट ढिले करून चाकं सुटली तर दांडा लांब आहे. नाही सुटली आणि मास्टरच्या पाइपाचा नट खोलल्यावरच सुटली तर दोष मास्टरच्या आत. आणि तरीही नाही सुटली तर अडचण चाकाशी, म्हणजे शू, हँडब्रेकची केबल किंवा आतून फुगलेला रबरी होज. रस्त्याच्या कडेला एका पान्यावर होणारं इतकं सरळ निदान मी दुसरं पाहिलेलं नाही.

पण ०.३ फट ठेवली होती, ती गेली कुठे? शेडवर येऊन बूस्टरला हातपंपाने व्हॅक्यूम देऊन पुन्हा मोजलं. डब्याचा पत्रा व्हॅक्यूमखाली आत ओढला जातो, मास्टर बसवायची बैठक पिस्टनसकट दांड्याकडे सरकते. मी फट मोजली बंद इंजिनावर, गाडी चालते चालू इंजिनावर. काही गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हे माप व्हॅक्यूम लावूनच घ्यायला सांगितलेलं असतं, ते याचसाठी. मी वाचलंही होतं. वाचलेलं आणि हाताला माहीत असलेलं यांच्यात एक महिरावणी असते. दांडा आखूड करून, व्हॅक्यूम लावलेल्या अवस्थेत अर्धा मिलिमीटर फट ठेवली. चारही ड्रम उघडून लायनर पाहिले. पुढच्या दोन चाकांचे काचेसारखे चकाकत होते, ते बदलले. भुर्दंड शेडचा.

दुसऱ्या रविवारी एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर चाचणी घेतली. ताशी ४० किलोमीटर, कोरडं डांबर. काम सुरू करायच्या आधी, नळी बदलण्यापूर्वी, गाडीला थांबायला १६ मीटर लागले होते, तेही दोन्ही पाय लावून. आता ११, एका पायाने. सुधारणा एवढी दिसली कारण आधी चाकं लॉक होण्याइतका दाबच मिळत नव्हता. ज्याच्या गाडीची चाकं आजच जोरात दाबल्यावर लॉक होतात, त्याने ९ सोडून ११ इंची बूस्टर लावला तरी गाडी एक फूट आधी थांबणार नाही. तिथून पुढे टायर आणि रस्ता ठरवतात. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होत होती, आणि एवढ्या आखूड गाडीला मागून घसरायला निमित्तच हवं असतं. मागच्या लाइनमध्ये हाताने फिरवायचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाकून तिकडचा दाब उतरवला.

बेल्ट तुटल्याची चाचणीही घेतली. मोकळ्या प्लॉटवर गाडी हळू चालवत इंजिन बंद केलं आणि मोजलं, किती ब्रेक मदतीचे मिळतात. दोन. तिसरा जड, चौथा दगड. उभ्या चढावर इंजिन बंद पडून गाडी मागे येऊ लागली तर दोन ब्रेक थोडे आहेत. म्हणून बॉनेटखाली, पाण्याच्या पातळीच्या वर राहील अशा उंचीवर ३ लिटरची लोखंडी टाकी बसवली, तिला स्वतःचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. आता पाच मिळतात. टाकी लोखंडीच हवी. चाचांनी मध्यंतरी एका पोराच्या जीपमध्ये कूलंटची प्लास्टिकची बाटली याच कामाला लावलेली पाहिली होती, पिळलेल्या लिंबासारखी झालेली.

कागदपत्रांचंही थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ नोंदींशी विसंगत होतील अशा फेरफारांना मनाई करतं. बूस्टरचं माप आरसीवर नसतं, तरी आम्ही आबांना बिलं, जुन्या-नव्या सामानाचे फोटो आणि इन्शुरन्सवाल्यांना दिलेल्या पत्राची प्रत एका पिशवीत घालून दिली. पंधरा वर्षांवरची गाडी, फिटनेसला उभी राहिली की ब्रेकपासूनच सुरुवात होते.

काही जण विचारतात की विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप का नाही लावला? लावता येतो, बेल्टची चिंता जाते. पण तो वायरिंगवर विसंबून, आणि या गाडीच्या वायरिंगला मी माझं लग्नाचं घड्याळही जोडणार नाही. पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर डिझेलला उत्तम, पण या गाडीला पॉवर स्टिअरिंगच नाही.

जुलैत आबा हरसूलकडे ओढ्यांतून गाडी घालून आले. पाण्यातून निघाल्यावर पहिले दोन-तीन ब्रेक लागले नाहीत म्हणून फोन आला. ते ड्रममधलं पाणी, त्याला कुठलाच बूस्टर काही करू शकत नाही; पेडलवर हलका पाय ठेवून थोडं चालवा, सुकतील, म्हटलं. सुकले. सावळघाट त्यांनी दुसऱ्या गियरात उतरल्याचं मुद्दाम सांगितलं. पायाकडून हिस्स आवाज जास्त येतो म्हणून गाडी पुन्हा आली, तर पेडलच्या दांड्यावर बूस्टरचा हवा घ्यायचा जो फोमचा फिल्टर असतो तो चिखलाने भरलेला. धुऊन लावला. या जीपला पायाखाली मॅट नाही, त्यामुळे दर पावसाळ्यात हे होणार.

मागच्या डाव्या ड्रमला थोडी ओव्हॅलिटी आहे, म्हणजे तो पूर्ण गोल राहिलेला नाही, ताशी वीसच्या खाली पेडल पायाला हलकं धडधडतं. खरादावर द्यायला गाडी दोन दिवस लागेल. ऑक्टोबर छाटणी उरकल्यावर आणतो म्हणालेत. जुनी ठिबकची नळी मात्र त्यांनी मागून परत नेली, बागेत एक जोड कमी पडत होता म्हणे.